तुम्ही विचारलंत म्हणून: तारे टोकदार, मग धूमकेतूच का फिसकटतो?

दुर्बिणीला कॅमेरा लावून धूमकेतूचा फोटो काढला. ट्रॅकिंग (आकाशाच्या गतीने दुर्बीण फिरवणं) चोख, फोकस चोख, तारे टाचणीसारखे. पण धूमकेतू म्हणजे नुसता फराटा. असं का, हे सारखं विचारलं जातं. माउंट, म्हणजे दुर्बिणीचा मोटरवर फिरणारा आधार, ताऱ्यांच्या मागे फिरतं आणि धूमकेतू त्याच ताऱ्यांमधून सरकत असतो, एवढंच कारण.

एक्स्पोजर, म्हणजे एका फोटोसाठी कॅमेरा किती वेळ उघडा ठेवायचा, ते अंदाजाने ठरवू नका. आधी एका पिक्सेलमध्ये आकाशाचा किती भाग मावतो ते काढा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ने गुणा, मिलिमीटरमधल्या फोकल लेंथने भागा. ७५० मिमीची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आणि ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल असेल, तर एका पिक्सेलला साधारण १ आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग). धूमकेतूचा वेग नासाच्या जेपीएलच्या होरायझन्स या वेबसाइटवर मिळतो. समजा तो मिनिटाला २ आर्कसेकंद आहे. ६० सेकंदांत २ पिक्सेल सरकला तरी खपतं, कारण हवेच्या थरथरीने तारासुद्धा तेवढा फुगतोच. ५ मिनिटं उघडं ठेवलंत तर १० पिक्सेलची रेघ. म्हणून ६० सेकंदांच्या ६०-८० फ्रेम घ्या. गुरूच्या पलीकडच्या २९पी श्वासमान-वाखमान या धूमकेतूला मात्र ३ मिनिटंही चालतात. तो तेवढ्यात जेमतेम पिक्सेलभर हलतो.

मग स्टॅकिंग, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचणं, ताऱ्यांवर नाही तर धूमकेतूवर जुळवून. डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या, शेवटच्या आणि संदर्भ फ्रेमवर (जिच्याशी बाकीच्या जुळवतात) धूमकेतूचं केंद्रक, म्हणजे मधला उजळ ठिपका, टिपा. मधल्या फ्रेममधल्या त्याच्या जागा सॉफ्टवेअर फ्रेमच्या वेळेवरून काढतं. कॅमेऱ्याचं घड्याळ मध्येच बदललं, की सगळं बिनसलं. सरासरीऐवजी कप्पा-सिग्मा (बाकीच्या फ्रेमपेक्षा फार वेगळे पिक्सेल वगळणारी पद्धत) निवडा, म्हणजे सरकणारे तारे गळून पडतात. वीसच मिनिटं शूट केलंत तर तारे पुरेसे सरकत नाहीत आणि त्यांचे ठसे उरतात. तास तरी द्याच.

धूमकेतू ‘१०व्या प्रतीचा’ आहे, या आकड्याला भुलू नका. प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितका प्रकाश मंद. तो आकडा सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तरचा. ५ कला (कला म्हणजे अंशाचा ६०वा भाग) व्यासाच्या गोलात तो प्रकाश पसरला, की दर चौरस आर्कसेकंदाला सरासरी २२ प्रत उरते. मोठ्या शहराचं आकाश १८च्या आसपास, म्हणजे सुमारे चाळीसपट उजळ. केंद्राजवळचा भाग येईल, कडा बुडतील. फिल्टरने फारसं साधत नाही: धुळीची शेपूट सूर्यप्रकाशच परतवते, सगळ्या रंगांचा. गाडी काढून अंधारात जाणं परवडतं.

फ्लॅट, म्हणजे लेन्सवरची धूळ आणि कडांचा अंधार नंतर वजा करायला घेतलेले कोऱ्या उजेडाचे फोटो, टाळू नका. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून संधिप्रकाशात २०-३० घ्या, कॅमेरा न फिरवता. आणि ग्रेडियंट (आकाशाच्या एका बाजूला जास्त पडलेला उजेड) सॉफ्टवेअरने काढताना, पार्श्वभूमीचे नमुने घेणारे ठिपके शेपटीपासून लांब ठेवा. नाहीतर सॉफ्टवेअर तिलाही शहराचा उजेड समजून पुसतं.