आज मी काही चुकलो नाही

रविवार, रात्री साडेदहा

आठ वाजता प्रार्थनेला बसलो. गीत झालं, धाकटीने शेवटचं कडवं पुन्हा एकदा म्हणायला लावलं, मग मी शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, मोठ्याकडे सरकवलं. त्याने ते परत माझ्याकडे सरकवलं.

"मम्मी, आज मी काही चुकलो नाही. मग मी का वाचू?"

ह्यांनी मिटलेले डोळे उघडले. मला काही बोलता आलं नाही. मीच वाचलं, पण काय वाचलं ते आत्ता विचाराल तर सांगता येणार नाही.

गुरुवारी त्याने गणिताच्या चाचणीचे मार्क लपवले होते. पेपर अजून मिळालाच नाही म्हणाला आणि तो दप्तरात सापडला. मी नीतिसूत्रांचा बारावा अध्याय उघडून दिला आणि खोटं बोलणाऱ्या ओठांविषयीचं वचन पंचवीस वेळा लिहून काढायला लावलं. हात उचलला नाही, शास्त्राने वळण लावलं, याचं मला तेव्हा समाधान वाटलं होतं. आत्ता ती वही काढून पाहिली. पहिल्या पाच-सहा ओळी सुरेख आहेत. पुढे अक्षर तिरकं होत गेलंय, आणि शेवटी शेवटी तर 'परमेश्वर' शब्दावरची मात्राच राहून गेलीय. पेन इतकं दाबून धरलंय की मागच्या पानावर वळ उठलेत.

त्या वहीसमोर बसून रडले. देवाचं वचन माझ्या मुलाच्या हाती मी शिक्षा म्हणून दिलं.

सोमवार

दिवसभर आजी आठवत होती. नगरजवळच्या आमच्या गावात तिच्या आईला अक्षरओळख झाली ती बायबल शिकवायला घरोघरी जाणाऱ्या बायबलबाईमुळे, आणि आजी वाचायला शिकली ती तिच्या आईकडून. तिने आम्हाला एकही वचन 'पाठ करा' म्हणून दिलं नाही. पिठाचा डबा तळाशी खरवडताना ती म्हणायची, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही," आणि मग शेजारी वाटीभर पीठ मागायला जायची. तेविसावं स्तोत्र मला पाठ कधी झालं, ते मला माहीत नाही. भाकरीच्या वासाबरोबरच ते आत गेलं.

बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात हेच सांगितलंय. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना या गोष्टी मुलांशी बोलत जा. तिथे आपल्याकडे 'बिंबव' असा शब्द आहे. मूळ हिब्रू शब्दात धार लावण्याचा अर्थ आहे, असं एकदा पाळकांनी उपदेशात सांगितलं होतं. आजी विळ्याला धार लावायची ती पाणी शिंपडत, हलक्या हाताने. जोर लावला तर पातं बिघडतं, म्हणायची.

पंडिता रमाबाईंचाही विचार मनात आला. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन त्या केडगावला शास्त्राचं भाषांतर करत बसल्या, खेड्यातल्या साध्या बाईलाही कळावं म्हणून. 1921 साली लेक मनोरमा गेली, तरी काम सोडलं नाही, आणि ते पुरं करून 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. वचन माणसाला कळावं यासाठी एका बाईने एवढं सोसलं. माझ्या मुलाने ते पंचवीस वेळा लिहिलं, आणि त्याला ते एकदाही कळावं म्हणून मी त्याच्याशेजारी बसले नाही.

मंगळवार

आज त्याची माफी मागितली. इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय काढला. 'मुलांनो, आज्ञेत राहा' हे पहिलं वचन आमच्या मंडळीतल्या प्रत्येक मुलाला येतं, संडे स्कूलमध्ये त्याला बक्षीसही मिळतं. मी चौथं वाचून दाखवलं, मुलांना चिरडीस आणू नका, असं सांगणारं.

"चिरडीस म्हणजे?"

"मनातल्या मनात खूप राग येतो, रडूही येतं, आणि बोलता येत नाही, तसं."

तो थोडा वेळ गप्प होता. "लिहिताना मला तसंच झालं होतं," म्हणाला. मग, "पण इथे 'बापांनो' लिहिलंय."

"आईलाही लागू आहे," मी म्हटलं.

खोटं बोलणं मात्र मी सोडून दिलं नाही. गणिताच्या मॅडमना काय सांगायचं ते दोघांनी मिळून ठरवलं. मुलांना मोकळं सोडलं की झालं, असं मला वाटत नाही. आपल्या मुलांचं वाईट वागणं ठाऊक असून एली याजकाने त्यांना आवरलं नाही, आणि त्याच्या घराचा कसा नाश झाला ते शास्त्रात स्पष्ट आहे.

बुधवार, रात्री

आज प्रार्थनेला त्याने स्वतःहून पुस्तक ओढलं. बाळ शमुवेलाची गोष्ट काढ म्हणाला, आणि अडखळत सगळी वाचली. एलीजवळ मंदिरात राहणारा शमुवेल रात्री हाक ऐकून तीनदा उठून एलीकडे धावतो, आणि तिसऱ्या वेळी एलीला कळतं की हाक देवाची आहे.

वाचून झाल्यावर म्हणाला, "मम्मी, एलीला रात्री तीनदा उठवलं, तरी तो ओरडला नाही. जा, नीज, एवढंच म्हणाला."

इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. स्वतःच्या मुलांना आवरू न शकलेला तो म्हातारा परक्याच्या लेकराशी असा बोलला. ह्यांनी दिवा मालवला. धाकटी माझ्या मांडीवरच झोपली होती.

उद्या त्याचा इतिहासाचा पेपर आहे. सहाला उठव म्हणालाय.