तुम्ही विचारलंत म्हणून: दोन लहान मुलं आणि रात्रीचे कॉल

‘मॅडम, घरी दोन लहान मुलं, आणि तुम्ही रात्री-अपरात्री कॉलला जाता. कसं जमवता?’ हे मला सिस्टर विचारतात, पेशंटच्या सासूबाई विचारतात आणि हल्ली सगळ्यात जास्त विचारतात त्या एमडी करणाऱ्या मुली. पहिल्या दोघींना मी हसून ‘जमतं हो’ म्हणते, त्यांना तेवढंच ऐकायचं असतं. या मुलींचं मात्र लग्न ठरत असतं किंवा नुकतंच झालेलं असतं आणि डोक्यात आकडेमोड चालू असते. त्यांच्यासाठी एकदा सविस्तर सांगते.

मी भूलतज्ज्ञ आहे, तीही फ्रीलान्स. पुण्यातल्या कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यातल्या लहान नर्सिंग होम्समध्ये सर्जन बोलावतील तशी जाते. लॅरिंगोस्कोप, ट्यूबा, स्पायनलच्या सुया असलेली बॅग कायम भरून तयार असते. मुलगा सात वर्षांचा, मुलगी तीनची. नवरा बँकेत, त्यामुळे मार्चअखेरीला तो घरी नुसता झोपायला येतो. सासूबाई सांगलीला असतात आणि त्यांना तिथेच राहायचंय. त्यांची भिशी आहे, भजनी मंडळ आहे, पुण्यात येऊन नातवंडं सांभाळायची हौस त्यांना नाही आणि मला ते मान्य आहे.

आता मुद्द्याचं. कामाच्या तासांनी मला कधी फारसा त्रास दिला नाही. रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात राबून एमडी, झालेल्या बाईला दहा तास म्हणजे काही विशेष नसतं. घर कोलमडतं ते, हे दहा तास नक्की कुठले हे आदल्या रात्री माहीत नसतं तेव्हा. म्हणजे बघा, सकाळी आठला हर्निया, साडेनऊला पित्ताशय अशी लिस्ट ठरलेली असते. हर्नियावाले काका येतात आणि विचारल्यावर सांगतात, ‘काही नाही हो, चहा आणि दोन मारी.’ झालं! खाल्ल्यानंतर किमान सहा तास थांबायचं, नाहीतर भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जायची भीती. काकांची केस दुपारवर जाते, दुपारची संध्याकाळवर, आणि पाळणाघर सातला बंद होतं. त्या दोन मारी बिस्किटांची किंमत घरी तीन माणसं मोजतात.

शिवाय एकदा भूल दिली की मी पेशंटच्या उशाशी अडकले. तेवढ्यात शाळेतून ‘याला ताप आलाय, घेऊन जा’ असा फोन आला, तर तो उचलणारी मी नसते. म्हणून शाळेच्या फॉर्मवर पहिला नंबर नवऱ्याचा, दुसरा पाळणाघरातल्या काकूंचा आणि तिसरा माझा. ऑफिसातल्या बाईंनी फॉर्म परत केला होता. ‘आईचा नंबर आधी लिहा.’ म्हटलं, ‘आई उचलणार नाही.’ मूल दत्तक द्यायला आल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण फॉर्म घेतला.

नवऱ्याला बँकेत हा प्रश्न कुणी विचारत नाही. खरं तर उत्तर त्याला माझ्यापेक्षा बरं देता येईल. तापाचं सिरप कुणाला किती एमएल हे त्याला तोंडपाठ असतं. मला अजून वजनाला पंधरा मिलिग्रॅमने गुणून, बाटलीवरची स्ट्रेंग्थ वाचून काढावं लागतं, आणि तोवर त्याने पाजलेलं असतं.

काकूंबद्दल मात्र जरा जास्त सांगते, कारण माझी प्रॅक्टिस खऱ्या अर्थाने त्यांच्या जिवावर चालते. कर्वेनगरात तळमजल्यावर दोन खोल्यांत त्यांचं पाळणाघर आहे. भिंतीवर ना कार्टून, ना कसला बोर्ड. दुपारी मऊ भात, वर मेतकूट नाहीतर वरण, आणि ताटात सोडलेलं चालत नाही. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, ‘ताई, सातनंतर आलात तर जादा पैसे मी घेत नाही. पण मूल जेवलेलं असेल. घरी केलेलं उरलं तर मला बोलायचं नाही.’ इतका स्पष्ट करार माझ्याशी कुठल्याही हॉस्पिटलने केलेला नाही. त्यांचे पैसे मी दर जूनला न मागता वाढवते आणि दिवाळीची त्यांची सुट्टी माझ्या लिस्टच्या आधी ठरते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भूल मीच दिली, आणि नंतर त्या चालत्या-फिरत्या होईपर्यंत निम्म्या केसेस सोडून दिल्या. मुलींनो, सर्जनशी संबंध सांभाळायला तुम्हाला सगळेच शिकवतील. पाळणाघराशी सांभाळायला कुणी शिकवत नाही.

दुसरी सोय म्हणजे आमचा चौघींचा गट. चौघी भूलतज्ज्ञ, चौघींना मुलं. रात्री वाटून घेतल्या आहेत. मंगळवार आणि शुक्रवार माझे, बाकीच्या रात्री बाकीच्यांच्या, रविवार आळीपाळीने. सर्जन लोकांना हे पचायला वेळ लागला. ‘आम्हाला तुम्हीच लागता’ असं कुणी म्हणालं की मन सुखावतं, आणि नेमका तिथेच घात होतो. पुढची पाच वर्षं त्या वाक्यापायी रोज रात्री फोन उशाशी घेऊन झोपावं लागतं. पहिल्या खेपेला दिवस राहिले तेव्हा मी सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र, लागणाऱ्या हाडांच्या केसेस बंद केल्या, रेडिएशन नको म्हणून. एका सर्जननी दुसरी व्यक्ती बघितली ती कायमची. उत्पन्न घटलं. फ्रीलान्समध्ये ‘नाही’ म्हणायचं स्वातंत्र्य आहे, असं सगळे म्हणतात. आहे, पण प्रत्येक ‘नाही’ला पैसे पडतात. महिन्याला किती ‘नाही’ परवडतात हे नवऱ्याबरोबर बसून आधी ठरवा. आम्ही ठरवलं आणि मोठी गाडी घ्यायचा बेत सोडला.

अंतराचंही तेच. बाळाचे ठोके घसरले म्हणून सिझेरियनचा कॉल आला, तर निर्णयापासून अर्ध्या तासात बाळ बाहेर यावं अशी अपेक्षा असते. त्या अर्ध्या तासात माझा प्रवासही आला. म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हडपसरहून कितीही चांगलं बोलावणं आलं तरी मी घेत नाही. अनंत चतुर्दशीला तर पेठांतलं काहीच नाही. लक्ष्मी, कुमठेकर, केळकर, टिळक हे चारही रस्ते मिरवणुकीचे, मी पोचेपर्यंत बाळाचं बारसं व्हायचं.

रजेबद्दल या मुलींचा हमखास एक गैरसमज असतो. कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली हे सगळ्यांना माहीत असतं. ती नोकरीत असलेल्या बाईला, तेही आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असेल तर, हे कुणी वाचलेलं नसतं. माझ्यासारखीला शून्य. खासगी हॉस्पिटलांतल्या बऱ्याच कन्सल्टंटही कागदोपत्री नोकरीत नसतात. त्यांना टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापून व्यावसायिक फी मिळते आणि रजेच्या कायद्याला त्या दिसतच नाहीत. दारावर पितळी पाटी असली म्हणून पगारी रजा असेल असं समजू नका. हातात आलेल्या कागदावर ‘पगार’ लिहिलंय की ‘फी’, ते बघा.

मुलीच्या वेळी मी तीन महिन्यांच्या आसपास कामाला लागले. दूध काढून ठेवायचं तर साधारण पंचविशीच्या तापमानाला ते चार तास टिकतं, आणि पुण्यातला एप्रिल पंचविशीला कुठला थांबायला! नर्सिंग होमच्या लेबर रूममधल्या फ्रिजात ऑक्सिटोसिनच्या अँप्यूल्सशेजारी माझी बाटली असायची, चिकटपट्टीवर नाव आणि वेळ लिहिलेली. सिस्टरनी ती जागा कधी दुसऱ्या कशाला दिली नाही. त्याच दिवसांत एकदा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या चार महिन्यांच्या बाळाच्या आईला उपासाचे नियम सांगत होते. पाणी दोन तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास, वरचं दूध सहा तास. ती विचारत होती, ‘चार तास तो राहील का हो?’ पुस्तकी उत्तर मला येत होतं. पण माझ्या स्वतःच्या अंगावरचा ड्रेस तेव्हा ओला व्हायला लागला होता, म्हणून मी फक्त म्हटलं, ‘रडेल. मांडीवर घेऊन बसा, मी त्याची केस पहिली लावते.’ लावलीही.

मुलांवर काय परिणाम होतो, हेही विचारलं जातं, जरा चाचरतच. माझ्या मुलाला ‘केस’, ‘लिस्ट’, ‘पोस्टपोन’ हे शब्द मुळाक्षरांच्या आधी आले. मागच्या वर्षी त्याने बिल्डिंगमधल्या मित्रांना गंभीरपणे सांगितलं की त्याचा वाढदिवस पोस्टपोन झालाय. रविवारी केक कापला. मित्रांना केकशी मतलब होता.

महिला दिनाच्या भाषणात माझी ओळख करून देताना आनंदीबाई जोशींचं नाव येतंच. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला इथे पुण्यात गेल्या, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत. प्रॅक्टिस करायला वेळच मिळाला नाही. दुसरं नाव येतं ते त्याच काळातल्या डॉक्टर रखमाबाईंचं. त्यांनी सुरत-राजकोटला वर्षानुवर्षं काम केलं, पण त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघींपुढे मी मान झुकवते. पण सातच्या आत पाळणाघर गाठायचा प्रश्न दोघींनाही पडला नव्हता, त्यामुळे तेवढ्यापुरता त्यांचा मला उपयोग नाही. मला उपयोग झाला तो गटातल्या थोरलीचा. ती फक्त एवढंच म्हणाली होती, ‘आधी घर बदल, मग मूल होऊ दे.’ आम्ही सिंहगड रोडवरून कर्वेनगरात आलो.

राहिला तो नेहमीचा शेवटचा प्रश्न, एमडी करतानाच मूल होऊ द्यावं का. इंटर्नशिपसकट एमबीबीएस साडेपाच वर्षं, सरकारी कॉलेज असेल तर बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष, एमडी तीन, सुपरस्पेशालिटी करायची तर आणखी तीन, आणि नीट या प्रवेशपरीक्षेच्या तयारीत गेलेलं वर्ष वेगळंच. ‘सगळं संपल्यावर’ म्हणाल तर तिशी ओलांडलेली असते. वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणाच्या २०२३ च्या नियमावलीत पीजीच्या, म्हणजे एमडीसारखं शिकणाऱ्या, विद्यार्थ्यांना आठवड्याला एक सुट्टी आणि वर्षाला २० दिवस किरकोळ रजा लिहिलेली आहे, साप्ताहिक सुट्टी अर्थात कामाची निकड बघून. बाळंतपणाची रजा मिळते, पण प्रशिक्षण लांबतं आणि बॅचबरोबरची परीक्षा हुकू शकते. एवढं सोसायची तयारी असेल तर होऊ द्या. पुढे नोकरी घेताना पाळणाघर कुठे आहे ते दाखवा म्हणा. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर ते कायद्यानेच हवं, आणि दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभाही. हेड ऑफ डिपार्टमेंटकडे जायच्या आधी, त्याच विभागात बाळंतपण झालेली एखादी सीनियर गाठा. परत आल्यावर तिला ड्युट्या कशा लावल्या, एवढंच विचारा. तशी कुणी सापडली नाही तर मला फोन करा, मंगळवार-शुक्रवारच्या रात्री सोडून.