मराठीच्या तासाला येताना

सोमवारपासून बेळगावच्या आपल्या कॉलेजात बीएच्या पहिल्या वर्षाचे तास सुरू होताहेत. दरवर्षी पहिल्या तासाला मी हे सगळं तोंडी सांगते आणि दरवर्षी निम्मी मुलं त्या दिवशी नसतात, कुणाचा बसपास झालेला नसतो, कुणाची ॲडमिशनच पुढच्या आठवड्यात होते, आणि मग परीक्षा तोंडावर आली की कुणीतरी स्टाफरूमच्या दारात उभं राहून म्हणतं, मॅडम, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. म्हणून यंदा लिहून काढतेय. बेसिक मराठी घेतलेल्यांसाठी पण आणि ऑप्शनलवाल्यांसाठी पण. आई-वडिलांनी वाचलं तरी चालेल, वाचावं असंच वाटतं.

आधी हजेरी. पंचाहत्तर टक्के हा नियम विद्यापीठाचा आहे, माझा नाही, आणि त्यात मी काही करू शकत नाही. पण उशिरा आलात म्हणून दार लावून घेणार नाही. खानापूरच्या पलीकडून येणारी मुलं जुलै-ऑगस्टात कशी येतात ते मला ठाऊक आहे, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पाऊस लागला की बस कधी येईल याचा भरवसा नसतो. कर्नाटक सरकारची शक्ती योजना, म्हणजे बायकांना सरकारी बस फुकट, सुरू झाली जून २०२३ ला, तेव्हापासून मुलींचं तिकिटाचं ओझं गेलं ही फार मोठी गोष्ट झाली, माझ्या वर्गात त्यामुळे टिकलेल्या मुली आहेत, पण सकाळच्या बसला पाय ठेवायला जागा नसते हेही खरं. चंदगड, शिनोळीकडून महाराष्ट्राच्या एसटीनं येणाऱ्यांचं अजून वेगळं, सीमेवर काही झालं, कुठं बसला काळं फासलं की दोन्हीकडच्या गाड्या बंद, पोरं घरात अडकून. डिसेंबरात सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की हलग्याच्या बाजूचा रस्ता सगळा पोलिसांनी भरलेला. असल्या दिवशी फक्त एक करा, वर्गाच्या ग्रुपवर मेसेज टाका. खोटं मेडिकल सर्टिफिकेट आणू नका. भातकापणीला घरी थांबायचं असेल तर सरळ सांगा की मॅडम, सुगी आहे, चार दिवस येणार नाही. हजेरी मी लावू शकणार नाही, पण त्या चार दिवसांत झालेलं सगळं तुम्हाला परत समजावून सांगेन, आणि खोटं बोलून घेतलेल्या सुट्टीसाठी तेवढं करणार नाही.

उशिरा आलेल्यांनी मागच्या दारानं येऊन बसायचं, मे आय कम इन विचारायची गरज नाही, तेवढ्यात वाचनाची लय तुटते. मोबाईल बॅगेत. घरी कुणी आजारी असेल आणि फोन येणार असेल तर आधी सांगून बाकावर ठेवा.

आता पुस्तक. नेमलेलं पुस्तक हातात घेऊन यायचं, फोनमधला फोटो नको आणि गाईड तर अजिबातच नको. विकत घ्यायला जमत नसेल तर कॉलेजच्या लायब्ररीत प्रती आहेत, त्या पुरणार नाहीत म्हणून दोघांत एक चालेल. गावातलं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, कॉलेज सुटल्यावर बसची वाट बघत बसस्टँडवर तासभर घालवता त्यातली निम्मी वेळ तिथं घालवून बघा. मी स्वतः डिग्रीला असताना आमच्या सरांनी तीन वर्षं नोट्स डिक्टेट केल्या. आम्ही कविता वाचलीच नाही, कवितेवरच्या नोट्स वाचल्या. चांगले मार्क पडले, आणि एम.ए.ला गेल्यावर पहिल्यांदा कळलं की एखाद्या ओळीबद्दल मला स्वतःला काय वाटतं हे मला सांगताच येत नाही. ते दुखणं अजून आठवतं म्हणून मी नोट्स देत नाही. कितीही मागितल्या तरी देत नाही. त्याऐवजी वर्गात आधी ओळ वाचायची, मग दोन मिनिटं गप्प बसायचं, मग ज्याला जे वाटलं ते त्यानं बोलायचं. चुकीचं बोलाल ही भीती पहिले पंधरा दिवस असते, नंतर जाते.

आणि लिहिण्याबद्दल, कारण खरा वर्ग तिथंच आहे.

एका सेमिस्टरला सहा लेखनं. प्रत्येक लेखन दोनदा लिहायचं. पहिला खर्डा हातानं, वहीत, खाडाखोड असलेला, तसाच दाखवायचा, मी पेन्सिलनं शेजारी प्रश्न लिहिते, लाल पेन मी वापरत नाही. मग आठवड्यानं दुसरा खर्डा. मार्क दुसऱ्याला, पण पहिला दाखवला नसेल तर दुसरा मी घेणार नाही. उशिराचं असं, एका सेमिस्टरला प्रत्येकाला दोन वेळा चार-चार दिवस जास्त मिळतील, कारण विचारणार नाही, घरात काय चाललंय ते मला सांगायची तुमच्यावर सक्ती नको. तिसऱ्यांदा मात्र दिवसाला अर्धा मार्क कमी. मार्क पटले नाहीत तर जरूर या, पण वही मिळाली त्याच दिवशी नको, दुसऱ्या दिवशी या, आणि कुठल्या वाक्याला जास्त मार्क पडायला हवे होते ते दाखवा. मागे एका मुलीनं असं दाखवलं आणि तिचं बरोबर होतं, मी मार्क वाढवले.

आता चॅटजीपीटी. मागच्या वर्षी ‘माझं गाव’ असा विषय दिला होता आणि त्यातल्या बऱ्याच वह्यांत निसर्गाच्या कुशीत वसलेलं टुमदार गाव आलं, झुळझुळ वाहणारी नदी आली, पहाटेची काकड आरती आली. एका मुलाला बोलावून विचारलं, तुझ्या गावात नदी कुठली रे? तो म्हणाला, नदी नाही मॅडम, तळं हाय. मग म्हटलं तळ्याचं सांग. आणि मग त्यानं सांगितलं की थोरला भाऊ त्याला पाठीला प्लास्टिकचा डबा बांधून त्या तळ्यात पोहायला शिकवायचा, एका उन्हाळ्यात तळं आटलं आणि तळाला गाळात एक जुनी घंटा सापडली, ती कुठल्या देवळाची यावरून दोन गल्ल्यांची भांडणं झाली, आणि तेवढ्या एका उन्हाळ्यात अख्ख्या गावातली माणसं रोज संध्याकाळी तळ्यावर यायला लागली. वीस मिनिटं बोलत होता. मी नुसती बघत राहिले. एवढं सगळं ज्याच्याकडे आहे त्यानं झुळझुळ नदी आणून दिली मला! त्याला रागावले नाही, वही परत दिली आणि म्हटलं आत्ता बोललास तेच लिही. त्यानं लिहिलं, आणि ते त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं लेखन होतं.

तर नियम असा. शब्दाचा अर्थ बघायला, एखाद्या कन्नड किंवा इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणतात ते शोधायला फोन वापरा, मीही वापरते. पण वाक्य तुमचं पाहिजे. मशीननं लिहिलेलं, गाईडातून उतरवलेलं, मोठ्या बहिणीच्या जुन्या वहीतलं, तिन्ही मला एकच. पहिल्यांदा सापडलं तर मी समोर बसवून विचारेन आणि परत लिहायला लावेन, मार्क कापणार नाही. दुसऱ्यांदा त्या लेखनाला शून्य. तिसऱ्यांदा मी एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, कळवेन, मग ते माझ्या हातात राहत नाही. नुसता संशय आला म्हणून कुणाला शून्य देणार नाही, त्या कॉम्प्युटरवरच्या तपासण्यांवर माझा विश्वास नाही, आधी बोलेन, तुमचा पहिला खर्डा बघेन. खर्डा हातानं मागते तो यासाठीच.

यापुढचं मला सगळ्यात जवळचं आहे. शाळेत तुमच्यापैकी बहुतेकांना सांगितलंय की तुमची मराठी अशुद्ध आहे. पुण्याकडचा कुणी पाहुणा आला की हसतो, इकडं कन्नडवाले म्हणतात ही कसली मराठी, मधल्या मधे तुम्ही तोंड उघडायचं बंद करता. दोन वर्षांपूर्वी एका मुलीनं वहीत लिहिलं होतं, ‘मी शेतावर गेलो आणि आईला डबा दिलो.’ ते खोडून तिनं स्वतःच ‘गेले’, ‘दिला’ केलं होतं, आणि शेजारी बारीक अक्षरात सॉरी मॅडम. आपल्याकडे बायका मी गेलो, मी आलो असंच म्हणतात, कोल्हापुरापासून इथंपर्यंत. कन्नडमध्ये ‘नानु होदे’ बाईनं म्हटलं काय नि पुरुषानं म्हटलं काय, एकच रूप. यात सॉरी म्हणण्यासारखं काय आहे? तिच्या आईच्या तोंडचं आहे ते. पाऊस पडूलाय, काय करूलास, होय की, हे सगळं माझ्या वर्गात चालतं. बोलताना चालतंच, आणि लेखनात संवाद असला की तसंच आलं पाहिजे, आजीच्या तोंडी प्रमाणभाषा घालाल तर मी पेन्सिलनं विचारेन की आजी खरंच अशी बोलते का. प्रकाश नारायण संतांच्या लंपन नावाच्या मुलाच्या कथांत याच भागाची बोली आहे आणि त्यासाठी अख्खा महाराष्ट्र त्या कथांवर जीव टाकतो. इंदिरा संत तर बेळगावातच राहिल्या, इथंच नोकरी केली, इथंच कविता लिहिल्या. जी. ए. कुलकर्णी चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्यात जन्मले आणि धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत शिकवत मराठी कथा लिहीत राहिले. साहित्य म्हणजे लांब कुठंतरी घडणारी गोष्ट आहे असं तुम्हाला वाटत असेल तर ही गावं तुमच्या बसच्या पाटीवर वाचून बघा.

पण प्रमाण मराठीही शिकायची, त्यातून सुटका नाही. अर्ज, निबंध, मुलाखत, स्पर्धा परीक्षा, बातमी, हे सगळं तिच्यात होतं आणि ती येत नाही म्हणून तुमची संधी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. शुद्धलेखनाचे मुख्य नियम मोजून अठरा, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार. आपण दर आठवड्याला एक घेऊ. फूल दीर्घ मग फुलाला ऱ्हस्व का, कवी दीर्घ पण कविता ऱ्हस्व का, हे एकदा कळलं की पाठ करायला लागत नाही. पहिल्या चार लेखनांत ऱ्हस्व-दीर्घाला मार्क कापणार नाही, शेवटच्या दोनांत कापेन. केले लिहा किंवा केलं लिहा, पण एका लेखनात एकच धरून ठेवा.

घरी कन्नड बोलणारी दोन-तीन मुलं दरवर्षी वर्गात असतात, यंदाही आहेत. त्यांच्या उच्चाराला कुणी हसलेलं मला चालणार नाही, या एका गोष्टीवर मी खरंच चिडते. तुमच्या तोंडातले अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द आपल्याकडे कन्नडमधून आलेत असं व्याकरणाच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं. सीमाप्रश्नावर वर्गात बोलायचं नाही असा काही नियम नाही. बेळगावला १९४६ च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर होते, १९५६ ला राज्यं नव्यानं झाली आणि आपण म्हैसूर राज्यात गेलो, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, या गोष्टी मराठीच्या वर्गात येणारच, तुमच्या आजोबांनी लाठ्या खाल्ल्या असतील तर ते लिहा, जरूर लिहा. फक्त शेजारी बसलेल्या पोराकडं बोट करून बोलायचं नाही. जातीवरून तर नाहीच नाही. दलित आत्मकथन शिकवताना मागच्या बाकावरून एकदा हसण्याचा आवाज आला होता, तो तास मी तिथंच थांबवला होता आणि पुन्हा तसं झालं तर पुन्हा थांबवेन.

सहापैकी एक लेखन कॉलेजबाहेरचं आहे. थंडीत आपल्याकडे गावोगावी साहित्य संमेलनं होतात, कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, बेळगुंदी, सांबरा. त्यातल्या कुठल्याही एका संमेलनाला जायचं, सकाळच्या ग्रंथदिंडीपासून शेवटच्या कविसंमेलनापर्यंत थांबायचं आणि दोन पानं लिहायची. अध्यक्ष काय म्हणाले ते पेपरात येतंच, मला ते नको. मांडव कुणी घातला, जेवण कुणाच्या घरातून आलं, पालखीला खांदा कुणी दिला, मागं उभं राहून ऐकणारी म्हातारी माणसं कशाला मान हलवत होती, ते बघून या. मुलींना घरातून सोडत नसतील तर मला सांगा, मी स्वतः तुमच्या घरी फोन करेन आणि आपण सगळ्या मिळून एका बसनं जाऊ, गेल्या वर्षी अशा अकराजणी आल्या होत्या.

भेटायचं असेल तर मंगळवार आणि गुरुवार, चौथ्या तासानंतर स्टाफरूममध्ये. घरचं काही असेल, फी राहिली असेल, लग्नाची बोलणी सुरू झाली असतील आणि शिकायचं असेल, तरी या. रात्री दहानंतर मेसेज केलात तर उत्तर सकाळी येईल.

सोमवारी येताना दोनशे पानी रेघांची वही आणा, कव्हर घालू नका, पहिलं पान मोकळं सोडा. आणि पहिलं लेखन आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे रविवारी घरी कान देऊन ऐकाल. तुमच्या घरात दिवसातून सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं एक वाक्य, ज्या बोलीत आहे त्याच बोलीत, कन्नडमध्ये असेल तर कन्नडमध्येच पण देवनागरीत, वर लिहायचं. खाली पानभर, ते कोण बोलतं, कुणाला बोलतं, आणि समोरचा काय करतो.