शब्दांच्या सीमा कोण आखते?

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये शेजारचे दोघे तमिळ बोलत असले, तर ती भाषा न येणाऱ्या मला ते बोलणे एकसलग आणि फार वेगवान वाटते; त्याच डब्यातले मराठी मात्र सुट्या शब्दांत ऐकू येते. वस्तुतः मराठीही तितकीच सलग असते. ‘घरी आलो’ म्हणताना दोन शब्दांमध्ये खंड पडत नाही. उलट ‘पत्ता’ या एकाच शब्दाच्या मध्यावर, जीभ दातांमागे टेकून हवा अडवते तेव्हा, क्षणभर खरोखरीची शांतता असते. शब्दांच्या सीमा बहुतांशी ऐकणाऱ्याचा मेंदूच आखतो.

याचा मला सर्वांत विलक्षण वाटणारा पुरावा १९९६ सालचा आहे. जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट या संशोधकांनी आठ महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटे निरर्थक अक्षरांची अखंड माळ ऐकवली. तिच्यात तीन-तीन अक्षरांचे चार कृत्रिम शब्द गुंफलेले होते. विराम नव्हता, एखाद्या अक्षरावर जोर देणारा आघातही नव्हता. शब्दाच्या आत एका अक्षरामागून ठरलेलेच अक्षर येई, शब्द संपल्यावर मात्र पुढे उरलेल्या तिन्हींपैकी कोणताही येऊ शके. एवढ्या एकाच खुणेवरून बाळांनी शब्द आणि दोन शब्दांच्या सांध्यावर जुळून आलेले तुकडे यांत फरक केला. ते तुकडे नवखे असल्याने ती अधिक वेळ ऐकत राहिली. आपल्याकडचे बाळ ‘वाशीला’, ‘वाशीत’, ‘वाशीहून’ ऐकते, तेव्हा ‘वाशी’ कायम राहते आणि पुढचे बदलत जाते; प्रत्यय सुटा करण्याचे कामही हाच हिशेब करत असावा, असे मला वाटते.

शिवाय प्रत्येक भाषेच्या स्वतःच्या खुणा असतात. इंग्रजी ऐकणारे आघातयुक्त अक्षरापाशी शब्दाचा आरंभ धरतात, असे ॲन कटलर आणि डेनिस नॉरिस यांनी १९८८ मध्ये मांडले. मराठीत बोलण्यातला शब्द ‘ळ’ किंवा ‘ण’ने जवळजवळ कधीच सुरू होत नाही, त्यामुळे हे ध्वनी आले की तिथून नवा शब्द सुरू झालेला नाही हे जवळजवळ नक्की होते. मूळच्या तमिळ शब्दांचेही तसेच आहे.

ओळखीचा शब्द हा आणखी एक भक्कम आधार. सहा महिन्यांचे मूल स्वतःच्या नावाला लागून आलेला नवा शब्द वेगळा काढू शकते, हे हीदर बोर्टफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले. म्हणून मराठी शिकणाऱ्या सहकाऱ्याशी मी शब्द तोडून बोलत नाही; त्याला ठाऊक असलेल्या शब्दांलगत एखादाच नवा शब्द येईल, असे वाक्य नेहमीच्या लयीत बोलतो.