‘मुस्तफा’चं मशीन घेताना

घरात व्हिडिओ गेम पार्लरमधलं उभं, नाणं टाकून खेळायचं मशीन हवं आणि त्यात ‘मुस्तफा’ चालायला हवा, एवढंच माझं पक्कं होतं. कॅपकॉमच्या १९९३ सालच्या या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफामुळे आम्हा मुलांच्या तोंडी तेच नाव बसलं. आज तो मोबाइलवरही खेळता येतो. पण उभं राहून, शेजारच्याच्या कोपराचा धक्का खात, काचेच्या गोलसर पडद्यावर खेळण्याची मजा मला परत हवी होती.

आधी पुण्यातला जुना बाजार पालथा घातला. तिथे सुट्या जॉयस्टिक दिसल्या, धुळीने माखलेले गेमचे सर्किट बोर्ड दिसले, अख्खं मशीन मात्र नाही. अशाच एका बोर्डवाल्याने चिंचवडच्या एका माणसाचा पत्ता दिला. त्याचं पार्लर कधीच बंद झालेलं, मशीन गोदामात उभं होतं.

जायच्या आधी मी आमच्या पेठेतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांना गाठलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात होतं, “प्लाय मिळेल, बटणं मिळतील, पॉवर सप्लाय तर तपकीर गल्लीत हवा तेवढा मिळेल. ट्यूब कुठून आणशील? तू ट्यूब बघ.” टीव्हीच्या पिक्चर ट्यूब बनणं थांबलेलं आहे, त्यामुळे त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. मशीन बघण्याचा माझा सगळा क्रम या एका वाक्यावरून ठरला, आणि नवख्याला मी आजही हेच सांगेन. मी आग्रह धरल्यावर काका सोबत आले.

मालकाने मशीन आधीच चालू करून ठेवलं होतं. काकांनी ते बंद करायला लावलं. कारण थकलेली ट्यूब गार असताना ओळखू येते: चित्र यायला फार वेळ लागतो, रंग फिके येतात, उजळ भाग पसरतात. बंद पडद्यावर टॉर्च तिरपा धरला, तेव्हा खालच्या बाजूला अक्षरांची पुसट सावली दिसली. वर्षानुवर्षं एकच अक्षरं एकाच जागी चमकत राहिली की ती काचेमागच्या लेपावर अशी जळून बसतात. ही खूण पुसता येत नाही. खेळताना ती जाणवत नव्हती, म्हणून चालेल असं ठरवलं, पण भाव करताना लक्षात ठेवली.

मग तासभर मशीन चालू ठेवलं. ही पायरी कुणीही गाळू नये. एलओटीपाशी (ट्यूबला उच्च दाबाची वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) किंवा इतरत्र ड्राय सोल्डर, म्हणजे सैल झालेला डाग, असेल, तर तापल्यावर चित्र थरथरतं, आक्रसतं. आमचं स्थिर राहिलं. टेस्ट मोडमधल्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी कडेला थोडी वाकडी होती, ती सेटिंगने सुधारणार होती. एका कोपऱ्यात हिरवा डाग होता, तो काकांनी डिगॉसिंग कॉइल (पडद्यात साठलेलं चुंबकत्व घालवणारी कॉइल) फिरवून घालवला.

मागचं दार उघडायला मालक नाखूश होते. “साहेब, चालतंय ना सगळं?” काकांनी गोडीने समजावलं. उघडल्यावर कळलं की आत टीव्हीचीच चासी, म्हणजे ट्यूब चालवणारी सर्किटची पाटी, बसवली आहे. हे जुळतं, कारण पार्लरच्या या बोर्डांचं चित्र टीव्हीसारखंच सुमारे १५ किलोहर्ट्झवर चालतं. धोका दुसरीकडे असतो. जुन्या कित्येक टीव्हींची चासी थेट मेन्सला जोडलेली असते. मध्ये चासीला मेन्सपासून वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल, तर ग्राउंडमार्गे कंट्रोल पॅनेलच्या धातूपर्यंत करंट येऊ शकतो. इथे ट्रान्सफॉर्मर होता, आणि काकांनी तो मीटर लावून तपासला. मशीन बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात, म्हणून आत हात फक्त त्यांनीच घातला. ज्याला हे काम येत नाही त्याने मागून लांबूनच बघावं, हे मी कळकळीने सांगतो.

बोर्ड कॉपी निघाला. मूळ बोर्ड म्हणजे एकावर एक बसवलेल्या पाट्यांचा जाड थर. इथे एकच सपाट पाटी होती. मला त्याचं दुःख झालं नाही. मूळ बोर्डावर बॅटरी असते आणि ती संपली की गेम नीट चालत नाही. शिवाय जोडणी जामाची होती. १९८५ साली अशी मशीनं बनवणाऱ्या जपानी उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेल्या या ५६ पिनांच्या पट्टीत पुढे हवा तो जामा बोर्ड बसवता येतो. पट्टीपाशी मीटरवर ५ व्होल्टच्या जागी ४.७ आले. गेम मध्येच पुन्हा सुरू होत होता, त्याचं कारण तेच.

मालकाने ३० हजार सांगितले होते. जळकी खूण, कमकुवत सप्लाय आणि ओल लागून फुगलेला तळ दाखवून २४ हजारांवर आलो. ते नाखूश झाले नाहीत. उलट नाण्याच्या पेटीची किल्ली शोधून दिली. त्या पेटीचा साचा २५ मिलिमीटरच्या जुन्या रुपयाचा आहे. २०११ पासूनचा रुपया सुमारे २२ मिलिमीटरचा, तो तिथे चालत नाही.

घरच्या दाराची चौकट मी आधीच मोजली होती. मशीन छोट्या हत्तीत उभंच बांधलं, भोवती गोधड्या लावल्या आणि ड्रायव्हरदादांना स्पीडब्रेकर जपून घ्यायला सांगितलं.

नवा सप्लाय तपकीर गल्लीतून आणला, त्यावर ५ व्होल्ट नीट बसवले आणि गेम मध्येच थांबणं बंद झालं. तळाचा प्लाय भवानी पेठेतून आणून बदलला, खाली रबरी पाय लावले, म्हणजे पावसाळ्यात फरशीची ओल चढणार नाही. चासीतले जुने कॅपॅसिटर काका दिवाळीनंतर बदलणार आहेत. तोवर मशीन रोज थोडा वेळच चालतं, आणि एकच स्थिर चित्र पडद्यावर तासन्‌तास राहू नये म्हणून खेळ संपला की मी मेन स्विच बंद करतो.