आमची वाटचाल : बाहुलीला तिचा स्वतःचा आवाज

बोलक्या बाहुल्या करणारे पुष्कळ आहेत. बाहुलीला कुणाचाही उसना नसलेला आवाज घडवून देणारे मोजके, आणि त्यांत आमचा छोटा उद्योग आहे, याचा मला अभिमान आहे. आमच्याकडून बाहुली जाते ती डोकं, जबडा, कपडे आणि आवाज मिळून. घेणाऱ्याच्या गळ्यात तो आवाज बसल्याशिवाय आम्ही पेटीला कुलूप लावत नाही.

सुरुवातीला दोघंच होतो, मी आणि लाकूडकाम करणारे दादा. दादांची एकच अट असायची : डोकं पुरं होईपर्यंत आवाजाचा विचारही करायचा नाही. डोकं माझ्या हातात देऊन म्हणायचे, "आता नुसता जबडा हलव. बोलू नकोस." तेव्हा राग यायचा. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच करायला लावते. लाकडी जबडा खटक्यावर कट्कन मिटतो. त्याला तुटक, ठासून बोलणारं पात्र शोभतं. स्पंजचं तोंड चारी बाजूंनी वळतं, ओठ मुडपतं. तिथे शब्द लांबवणारी, कुरकुरणारी माणसं राहतात. हाताला हे आधी कळतं, गळ्याला मागाहून.

नवशिके सगळे पट्टी चढवतात आणि आवाज झाला म्हणतात. मोठ्या पुरुषाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण १०० ते १५० वेळा कंप पावतात, बाईचे १८० ते २५०, लहान मुलाचे त्याच्याही वर. पट्टी चढवलीत की मूल बोलतंय एवढं कळेल, कोणतं मूल ते कळणार नाही. ते कळतं आवाज नाकात घुमतो की छातीत त्यावरून, जीभ पुढे आहे की मागे ओढलेली त्यावरून, आणि सगळ्यात जास्त, वाक्याच्या मध्ये श्वास कुठे तुटतो त्यावरून. भित्रं पात्र वाक्य संपायच्या आत श्वास घेतं. घमेंडखोर पात्र समोरच्याला थांबवून ठेवतं आणि मग घेतं.

जहागीरदार या आमच्या म्हाताऱ्या बाहुल्याचा जन्म असाच अडचणीतून झाला. शब्दभ्रमात, म्हणजे बाहुलीच बोलतेय असं भासवताना, ओठ हलवायचे नसतात, आणि प, फ, ब, भ, म ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. जिभेने द, ग, न काढून कान फसवता येतो, पण पात्र चिडून भरभर बोलायला लागलं की ती फसवणूक उघडी पडते. म्हणून मी त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यातून 'मी' आणि 'माझं' काढूनच टाकलं. तो 'मला दे' म्हणत नाही, 'इकडे दे' म्हणतो. स्वतःचा उल्लेखही नावानेच : "जहागीरदाराला तहान लागली." या वाक्यात ओठाचं एकही अक्षर नाही, म्हणून प्रयोगाआधी आवाज जागेवर आणायला मी आजही तेच म्हणते. लोकांना त्यात त्याचा माज दिसला, पात्राला पाठीचा कणा मिळाला. खर्जातली घरघर आणि प्रत्येक हुकमानंतरचा तो लांब श्वास नंतर आला.

आता ज्याने आम्हाला जवळजवळ संपवलं ते सांगते. आमच्याकडे एक मुलगा शिकायला होता. गळा चांगला, कान त्याहून चांगला. तालमीसाठी ठेवलेली आमच्या पात्रांची सगळी ध्वनिमुद्रणं त्याच्या हाताखाली असत. एक दिवस तो कार्यक्रम पुरवणाऱ्या एका कंपनीत गेला, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्याकडे मिशीवाला, फेटेवाला, घरघरत हुकूम सोडणारा म्हातारा आला. ते आमच्यापेक्षा कमी बिदागी घेत. सुपाऱ्या तिकडे वळल्या. सगळ्यात जास्त लागलं ते हे की आमची जुनी गिऱ्हाइकं मलाच विचारू लागली, "ताई, त्यांच्यासारखाच आवाज का काढता?" कागदावर दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. बाहुलीचा साचा दाखवता येतो, श्वास कसा दाखवणार?

दादांचे पैसे थकले. मदतीचे हात गेले, सगळे प्रयोग मी एकटी करू लागले, आणि दिवसभर ती घरघर काढून स्वरतंतूंवर गाठी आल्या. डॉक्टरांनी माझं बोलणंच बंद केलं. कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजण्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो. बाहुल्यांना आवाज देणारा उद्योग आणि मालकीण पाटीवर लिहून बोलते, असे ते दिवस.

त्या काळात एका वाचनालयाच्या बाई आमच्या मागे उभ्या राहिल्या. पहिल्या वर्षापासूनच्या आमच्या गिऱ्हाईक. त्यांनी हातमोजा बाहुल्यांचा अख्खा संच सांगितला, दादांनी तो मुका बनवला, बाईंनी पूर्ण पैसे दिले आणि म्हणाल्या, "आवाज गळा बरा झाल्यावर घेऊन जाईन." पुढे एका कार्यक्रमात त्यांनी तो दुसरा म्हातारा पाहिला. पडद्याआडून चालवत होते, ओठ लपवायची गरजच नव्हती, त्यामुळे तो खुशाल 'मला हे पाहिजे, माझं ते आण' म्हणत होता. बाईंनी संयोजकांना तिथेच सांगितलं, "हा त्यांचा जहागीरदार नाही. जहागीरदार कधी 'मला' म्हणत नाही." तो संयोजक पुढच्या आठवड्यात आमच्याकडे आला. तिथून गाडी रुळावर आली. पुढची वर्षं कामात नीट गेली.

पण मनातलं सलणं गेलेलं नाही. त्या कंपनीच्या जाहिरातीत 'मूळ आवाज' असे शब्द आजही असतात. मला कुणी म्हणतं, आवाज तर एकाकडून दुसऱ्याकडे जातच असतात. जातात ना. यशवंत पाध्ये यांचा बोलका बाहुला अर्धवटराव रामदास पाध्ये यांनी पुढे नेला, मुलाने वडिलांकडून घेतला. अमेरिकेतले बाहुलीकार जिम हेन्सन १९९० साली गेले, त्यांचा बेडूक-बाहुला केर्मिट स्टीव्ह व्हिटमायर यांच्याकडे आला आणि २०१७ साली मॅट व्होगेल यांच्याकडे. ते सोपवलेले आवाज होते, आणि कुणाकडून आले ते जगाला माहीत होतं. आमचा न विचारता उचलला गेला. या दोन गोष्टी मी एका तागडीत तोलू देणार नाही.

हत्यारांचं विचारणाऱ्यांसाठी : आरसा ओठांसाठी आणि जबड्यासाठी. दर अक्षराला अंगठा खाली गेला पाहिजे, वरचं डोकं मागे उडता कामा नये. रेकॉर्डर कानासाठी, कारण आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, प्रेक्षकांना फक्त हवेतून. राजस्थानचे कठपुतळीवाले तोंडात 'बोली' नावाची बांबूची शिट्टी धरतात. तिच्या शिट्टीतले शब्द कळत नाहीत, म्हणून सोबत ढोलक वाजवणारी ते उलगडून सांगते. दादांनी तशी एक मला करून दिली आहे आणि आमचे सगळे पक्षी तिच्यातूनच बोलतात. माणसांच्या पात्रांना मात्र मी ती लावत नाही. एका शिट्टीने सगळी पात्रं एका घरची वाटतात.

आणखी एक, कुणी विचारलं नसलं तरी. आवाज पक्का करण्याआधी त्याला हसवून, रडवून, ओरडायला लावून, गाणं म्हणायला लावून बघा. फक्त एकाच भावनेत चालणारा आवाज प्रयोगाच्या मध्यावर दगा देतो. ओळखीच्या नटाची नक्कल करून सुरुवात करू नका, लोक बाहुलीकडे न बघता नटाला शोधत बसतात. आणि दोन पात्रं एकमेकांशी बोलणार असतील तर त्यांच्यात पट्टीच्या आधी वेगाचा फरक ठेवा. मागच्या रांगेला वेग आधी कळतो. घसा दुखला की तो आवाज चुकीच्या जागेवरून निघतोय असं समजा आणि त्याच दिवशी थांबा.

सध्या मी जहागीरदार एका शिष्येला सोपवते आहे. तिचा गळा माझ्याहून पातळ आहे, त्यामुळे घरघर कमी करून ती तो लांब श्वास आणखी लांबवते, आणि मला ते पटलं आहे. वाचनालयाच्या बाईंनी तालीम ऐकून होकार दिला आहे. नव्या कामासाठी येणाऱ्यांनी पात्राचं चित्र आणण्यापेक्षा बाहुलीचं डोकं आणावं, तयार नसेल तर ज्या तोंडाने ते बोलणार तो नुसता जबडा आणला तरी चालेल. दादा सकाळी असतात, मी दुपारनंतर.