अठ्ठेचाळीस ताऱ्यांचा हिरो आणि त्याची साक्ष : माझा अनुभव

सुपरहिरोवाले टेबलटॉप गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत प्रत्येकाने एक कॅरॅक्टर निभवायचे खेळ, खेळणारे मराठी लोक असून असून किती असणार, पण जे आहेत त्यांच्यासाठी लिहितोय, कारण झेंडा अंगावर घेतलेला देशभक्त हिरो करायचा आणि तो आतून खरोखरचा गंडलेला करायचा हे वाटतं तितकं सोपं नाहीये, आणि मी त्यातून गेलोय.

आधी थोडी माहिती. पुण्यात माझ्या चुलतभावाच्या घरी आम्ही शनिवारी जमतो, जीएम (गेममास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारी) माझी वहिनी, आणि गेम म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स, तिसरी आवृत्ती. बोलणं सगळं मराठीत, नियम इंग्लिशमधे, शिव्या दोन्हीत. कँपेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी गोष्ट, मात्र न्यूयॉर्कमधे, १९५३ सालची. रशियासाठी हेरगिरीचा ठपका असलेल्या रोझेनबर्ग नवराबायकोला १९ जून १९५३ ला सिंग सिंग जेलमधे इलेक्ट्रिक चेअरवर बसवलं, आमची गोष्ट त्याच्या पुढच्या आठवड्यात सुरू होते, म्हणजे शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने बघतोय असा तो काळ. दादा म्हणत होता की आपल्याकडचाच हिरो करू ना, पण वहिनीने हा काळ कधीचा वाचून ठेवला होता आणि जीएमपुढे कोणाचं चालत नाही, नवऱ्याचं तर नाहीच.

माझ्या डोक्यात देशभक्त हिरो का होता ते सांगतो. कॅप्टन अमेरिकाचा पहिला अंक, मार्च १९४१ तारखेचा, त्याच्या कव्हरवर तो हिटलरला ठोसा मारतोय आणि अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेली पण नव्हती. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते पुढचं, की १९५३-५४ मधे त्यालाच कम्युनिस्टांना बडवणारा म्हणून परत आणला, ते काही चाललं नाही आणि लगेच बंद पडलं. मग १९७२ मधे मार्व्हल कंपनीने काय केलं, तर म्हणे तो १९५० च्या दशकातला कॅप्टन खरा नव्हताच, तो दुसराच एक माणूस होता, सदोष औषधाने डोकं फिरलेला आणि वंशद्वेष्टा. खरा बिचारा बर्फात गोठलेला होता! गोष्ट म्हणून झकास आहे, मला आवडते, पण सोय बघा ना किती छान. मला वाटलं आपण ही सोय काढून टाकू. आपला हिरो १९४४ मधे जो होता तोच १९५३ मधे आहे, तेच डोकं, तेच चांगलं मन, औषध-बिषध काही बिघडलेलं नाही.

हे बोलायला ठीक, शीटवर लिहायला बसलो की कळतं. या गेममधे प्रत्येक कॅरॅक्टरला कॉम्प्लिकेशन्स असतात, म्हणजे त्याच्या आयुष्यातल्या अडचणी, आणि एक मोटिव्हेशन. कॉम्प्लिकेशनमुळे कॅरॅक्टर गोत्यात आलं की जीएम हिरो पॉइंट देतो, जो पुढे खर्च करून फासा पुन्हा टाकता येतो. मी पहिल्यांदा लिहिलं, युद्धानंतर दारू पितो, रागावर ताबा नाही, युद्धात एक वाईट गोष्ट केलीये ती लपवतो. वहिनीने वाचलं आणि कागद परत दिला. म्हणाली, "दारू पितो, बरं मग? उद्या सोडली की संपलं. आणि राग काय सगळ्यांनाच येतो. याचा देशभक्तीशी संबंध काय रे? हेच एखाद्या डिटेक्टिव्हला पण चालेल." मी म्हणलं मग भ्रष्टाचारी करतो, पैसे खातो. तर म्हणे, "मग तो देशभक्त नाही, ढोंगी आहे. ढोंगी माणूस सोपा असतो, त्याला सगळ्यांसमोर उघडा पाडला की झालं."

तिचं म्हणणं असं की हा माणूस ज्या गोष्टीमुळे चांगला आहे त्याच गोष्टीमुळे तो वाईट वागला पाहिजे. आता हे ऐकायला भारी आहे, पण करायचं कसं?

शेवटी उत्तर मिळालं त्याच्या लहानपणात. मी त्याला ओहायोमधल्या यंग्सटाउनचा केला, बाप पोलादाच्या गिरणीत, मंदीत काम गेलं. तिथे मला सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर सापडलं, रूझवेल्टने १९३३ मधे सुरू केलेली योजना. बेकार पोरांना कँपमधे ठेवून झाडं लावायची, रस्ते करायचे, महिन्याला ३० डॉलर, त्यातले साधारण २५ थेट घरी पाठवले जायचे. हे वाचलं आणि माणूस डोळ्यासमोर उभा राहिला. सतरा-अठराचा पोरगा, घरात खायला नाही, आणि सरकार नावाची कुठलीतरी लांबची गोष्ट त्याच्या आईला दर महिन्याला २५ डॉलर पाठवते. असा पोरगा पुढे सैन्यात स्वतःहून जाणार, सरकारने सुई टोचू का विचारलं तर बाही वर करणार, आणि आयुष्यभर सरकारी शिक्क्याच्या कागदावर शंका घेणार नाही. कृतज्ञ आहे तो! कॉम्प्लिकेशनमधे मी एकच ओळ लिहिली: "झेंड्याखाली जो बसलाय तो म्हणजे देश." वहिनीने ती वाचली, काही बोलली नाही, फक्त स्वतःच्या वहीत उतरवून घेतली. तेव्हाच समजायला हवं होतं की आता आपलं काही खरं नाही.

नाव फॉर्टी-एट. तेव्हाच्या झेंड्यावर ४८ तारे होते, अलास्का आणि हवाई १९५९ मधे आले. पहिल्याच सेशनपासून टेबलावर त्याचं अठ्ठेचाळीसराव झालं ते झालंच. मिनिएचर मीच रंगवलं, अंगठ्याएवढ्या पुतळ्याच्या छातीवर ४८ ठिपके बसत नाहीत हो, टूथपिकच्या टोकाने पांढरा रंग लावत बसलो आणि एकोणीस-वीसच्या पुढे ते सगळं एकात एक जाऊन नुसता पांढरा डाग व्हायला लागला, मग पाठीवर पण नेले तारे. दादा म्हणाला, "मागून बघितलं तर कांजिण्या झाल्यासारखा दिसतोय."

आकडे थोडक्यात सांगतो. पॉवर लेव्हल १०, १५० पॉइंट. हल्ल्याचा बोनस आणि डॅमेज मिळून २० च्या वर नाही, तसंच डॉज (फटका चुकवणं) आणि टफनेस (बसलेला फटका सोसणं) मिळून २०. मी टफनेस ८ च ठेवला, डॉज १२, कारण मला तो रणगाडा नको होता, मार लागणारा माणूस हवा होता. ढाल दिली नाही, ढाल सगळेच देतात. दोन गोष्टी मुद्दाम घेतल्या. एक इंटरपोज, म्हणजे जवळच्या साथीदाराला बसणारा फटका तुम्ही मधे जाऊन स्वतःवर घ्यायचा. दुसरं इन्स्पायर, म्हणजे हिरो पॉइंट खर्च करून चार शब्द बोलायचे आणि सगळ्या टीमला बोनस मिळतो. पुढचं सगळं रामायण या दोन गोष्टींवरच झालं.

टीममधे माझी एक जुनी मैत्रीण आहे, तिचं कॅरॅक्टर हार्लेममधली काळी शाळामास्तरीण, आवाजाने भिंत फोडू शकते. तिने बॅकस्टोरीत लिहिलं होतं की १९३१ च्या स्कॉट्सबरो खटल्यात, जिथे अलाबामात नऊ काळ्या पोरांवर बलात्काराचा खोटा आरोप होता, तिने पोरांच्या बाजूने सह्या गोळा केल्या होत्या. त्या पोरांचा खटला लढवायला कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेली संघटना पुढे आली होती, हा इतिहास आहे. म्हणजे १९५३ मधे तिची फाइल तयारच. आणि न्यूयॉर्कमधे १९४९ चा फाइनबर्ग कायदा होता, "विध्वंसक" संघटनेत असलात तर शिक्षकाची नोकरी जाऊ शकायची, सुप्रीम कोर्टाने १९५२ मधे तो उचलून पण धरला होता. मैत्रिणीला हे सगळं माहीत होतं, तिने डोळे उघडे ठेवून लिहिलं होतं.

सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू करायच्या आधीच्या बैठकीत, आम्ही बोलून घेतलं होतं, हे मी आवर्जून सांगेन. तिने स्पष्ट सांगितलं की माझ्या कॅरॅक्टरची नोकरी गेली चालेल, टीमने दगा दिला चालेल, पण काळ्या लोकांसाठीच्या शिव्या टेबलावर कोणी तोंडाने बोलायच्या नाहीत, व्हिलन असला तरी नाही. एक्स-कार्ड, म्हणजे सीन नकोसा झाला की कोणीही दाखवून तो थांबवायचं कार्ड, मधोमध ठेवलेलं असायचं. वापरायची वेळ आली नाही, पण ते होतं म्हणून पुढचा सीन करता आला असं मला वाटतं.

मधले सेशन मजेत गेले, पुलावरून ट्रेन पडता पडता धरली, बंदरावर मारामाऱ्या झाल्या, अठ्ठेचाळीसरावांनी शाळामास्तरणीसाठी किती वेळा फटके खाल्ले मोजलं नाही. आणि मग एका शनिवारी वहिनीने जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला सगळ्यांना उठवून मला एकट्याला बसवलं, स्वतः समोर बसली, वॉशिंग्टनहून आलेल्या हाउस कमिटीचा, म्हणजे कम्युनिस्ट शोधणाऱ्या संसदीय समितीचा, वकील म्हणून. एरवी मला अरेतुरे करणारी वहिनी एकदम "आपण" वर आली. तो प्रसिद्ध प्रश्न तिने इंग्लिशमधेच विचारला, "आर यू नाऊ, ऑर हॅव यू एव्हर बीन...", म्हणजे कम्युनिस्ट पक्षात आहात किंवा कधी होतात का, आणि मग मराठीत, "आपल्याबरोबर काम करणाऱ्यांपैकी कोणी सह्यांच्या मोहिमेत होतं का?"

मी प्लॅन करून आलो होतो की स्वतःबद्दल सगळं सांगेन, दुसऱ्याबद्दल तोंड उघडणार नाही. वहिनी म्हणाली तसं जमत नाही. सुप्रीम कोर्टाचा १९५१ चा निकाल आहे, एकदा स्वतःबद्दल उत्तरं द्यायला लागलात की पुढच्या नावांना पाचव्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा, आधार घेता येत नाही. आणि पाचवी घटनादुरुस्ती न घेता नुसतं उत्तर नाकारलंत तर कॉन्टेम्प्ट, म्हणजे अवमानाचा गुन्हा, हॉलिवूडचे दहा जण त्यातच जेलमधे गेले. मग तिने एक फाइल, म्हणजे खरंतर लाइट बिलांची फाइल, उघडून माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाली, "नाव आमच्याकडे आहेच. ते आपल्या तोंडून हवंय."

हे पण तेव्हा खरंच व्हायचं. नावं कमिटीकडे बहुतेक वेळा आधीच असायची, माहिती नको असायची त्यांना, माणूस वाकतो का ते बघायचं असायचं.

हिरो पॉइंटला आम्ही कॅरमच्या सोंगट्या वापरतो. तिने एक काळी सोंगटी फाइलवर ठेवली. कॉम्प्लिकेशन लागू झालं, हा तुझा पॉइंट. वागायचं कसं ते माझ्यावरच होतं, नियम मला नाव घ्यायला लावत नाहीत. पण मी त्या माणसाच्या आत बसून वर्षभर खेळलो होतो आणि मला माहीत होतं तो काय करेल. समोर झेंडा आहे, खाली माणसं बसलीत, तीच माणसं जी आईला पैसे पाठवायची. तो विचार करेल की खरं सांगितलं तर तिचं काय वाईट होणार, ती निर्दोष आहे, देश बघून घेईल. आणि मी तिचं नाव घेतलं. मैत्रीण स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होती, तिने फक्त "हं" केलं.

त्याच सेशनमधे बाहेर पायऱ्यांवर हल्ला झाला. नेम धरून मारलेला फटका, डॅमेज १२, शाळामास्तरणीवर. मी इंटरपोज म्हणलं, विचारसुद्धा केला नाही, अठ्ठेचाळीसराव दुसरं काय करणार? टफनेसला २७ हवे होते, फासा पडला ३, अधिक ८ म्हणजे ११. सोळाने फेल, म्हणजे आडवा, गेम खल्लास. माझ्याकडे एकच सोंगटी उरली होती, ती फाइलवरची. दिली. पुन्हा टाकला, ६ आला, हिरो पॉइंटच्या रीरोलला दहा किंवा खाली आलं तर त्यात १० मिळवायचे म्हणून १६, अधिक ८, चोवीस. तीनने फेल, नुसतं खरचटलं. म्हणजे तिचं नाव घेतल्याबद्दल मिळालेल्या पॉइंटवर मी तिला वाचवून उभा राहिलो. हे कोणी ठरवलेलं नव्हतं, वहिनीने पण नाही, टेबलावर दोन मिनिटं सगळे एकमेकांकडे बघत होतो. मग मैत्रीण म्हणाली, "हा माणूस मला मारला जाऊ देत नाही आणि जगू पण देत नाही."

पुढच्या सेशनला तिची नोकरी गेली. तिचं कॅरॅक्टर आता घरी पियानोच्या शिकवण्या घेतं, टीममधे आहे, माझ्याशी बोलत नाही. खेळाबाहेर आम्ही ठीक आहोत, त्याच रात्री भेळ खायला गेलो होतो.

कोणाला असं कॅरॅक्टर करायचं असेल तर माझा अनुभव असा की त्याला लगेच पश्चात्ताप करायला लावू नका, फार मोह होतो. पुढच्या शनिवारी मला पण वाटत होतं की सूट फाडून टाकावा, भाषण करावं. वहिनी म्हणाली, का रे, त्याला असं काय नवीन कळलंय? काहीच नाही. त्याला वाटतंय काहीतरी गफलत झालीये आणि वर पत्र लिहिलं की सुटेल. तो पत्रं लिहितोय सध्या. ती पत्रं मी खरंच लिहून आणतो, वाचून दाखवतो, सगळे हसतात आणि मग हसत नाहीत.

आता भांडण चाललंय ते इन्स्पायरवर. मागच्या लढाईत मी पॉइंट खर्च करून टीमला बोनस दिला, तर वहिनी म्हणे बोनस फक्त दादाला, मास्तरणीला नाही, ती तुझं भाषण ऐकून कशाला पेटून उठेल? मी पुस्तक उघडून दाखवलं, नियमात साथीदार लिहिलंय, रुसलेले साथीदार वगळून असं कुठेही लिहिलेलं नाही. वहिनी म्हणाली, "मग तिला विचार ना ती साथीदार आहे का." विचारलं. मैत्रीण म्हणाली मी पाचवी घटनादुरुस्ती घेते.